चौथीतला मुलगा वर्गात सतत ओरडतो. स्टारचा तक्ता आठ दिवस चालला, आता काय?

खडूची_धूळ

जिल्हा परिषद शाळा, चौथीचा वर्ग, पट ३४. एका मुलाबद्दल विचारायचं आहे, नाव-गाव अर्थातच टाकत नाही.

तोंडी प्रश्नांना पटापट उत्तरं देतो, गोष्ट सांगितली तर डोळे मोठे करून ऐकतो. पण एरवी मध्येच मोठ्याने ओरडतो, बाकावर पट्टी आपटतो, उठून दुसऱ्याच्या वहीत डोकावतो. तो ओरडला की मागच्या बाकावरचे चार-पाच जण हसतात आणि तास गेलाच म्हणून समजा.

आतापर्यंत केलेलं: जवळ घेऊन समजावणं. पहिल्या बाकावर बसवणं. भिंतीवर स्टारचा तक्ता: दिवसभर शांत राहिला तर शाळा सुटताना एक स्टार, पाच स्टारला एक पेन. आठ दिवस चांगले गेले, पेन मिळालं, त्यानंतर तक्त्याकडे बघेनासा झाला. फारच झालं तर दहा मिनिटं दाराबाहेर उभा. तेवढ्यापुरता वर्ग शांत होतो, पण बाहेर काढायच्या वेळा मात्र दर आठवड्याला वाढताहेत.

डी.एड.ला प्रबलन (परिणामामुळे वर्तन वाढणं), विलोपन (मिळणारं मिळेनासं झाल्याने वर्तन ओसरणं), साधक अभिसंधान (परिणामांतून वर्तन शिकणं) सगळं पाठ केलं होतं. ३४ मुलं समोर असताना ते बसवायचं कसं, हे कोणी नीट सांगेल का? उपदेश नको, कृती हवी.

निरीक्षणवही

ताई, तुमच्या चारही उपायांत आकडा कुठेच नाही. तो तासाला किती वेळा ओरडतो? दहाचं सहावर आलं तर उपाय लागू पडतोय, पण तुम्हाला ते ऐकू येणार नाही, कारण सहा वेळाही वैतागच येतो. चांगले चाललेले उपाय याच कारणाने मधेच सोडले जातात.

आधी एकच वर्तन निवडा. 'शिस्त नाही', 'त्रास देतो' हे मोजता येत नाही. ओरडणं निवडा, फळ्याकडे तोंड असतानाही ते कानाने मोजता येतं. व्याख्या कागदावर लिहा: हात वर न करता, कोणी न विचारता, दोन बाकांपलीकडे ऐकू जाईल असा आवाज, मध्ये पाच सेकंद शांतता गेली की पुढचा आवाज नवा धरायचा. पाच सेकंदांची ही अट फालतू वाटेल, पण ती नसेल तर एकच लांबलेली आरोळी सोमवारी एक मोजाल आणि गुरुवारी चार.

मोजण्यासाठी वही-पेन हातात घेऊ नका, मुलांना लगेच कळतं. खिसा असेल तर उजव्या खिशात वीस चिंचोके घ्या, ओरडला की एक डाव्या खिशात. साडीला खिसा नसतो. मग डाव्या मनगटात पंधरा बारीक रबरं घाला आणि एकेक उजव्या मनगटात सरकवा. तास संपला की आकडा हजेरीपटाच्या मागच्या कागदावर.

त्याच कागदावर प्रत्येक वेळेसाठी दोन अक्षरं. पहिलं, लगेच आधी काय चाललं होतं: 'व' म्हणजे 'वहीत सोडवा' सांगितलं होतं, 'ल' म्हणजे तुमचं लक्ष दुसऱ्या मुलाकडे होतं, 'इ' म्हणजे इतर काही. दुसरं, लगेच नंतर काय झालं: 'र' रागावले, 'ब' बाहेर काढलं, 'ह' मुलं हसली, 'क' काहीच नाही. दोन-तीन गोष्टी एकदम झाल्या तर सगळ्यात आधी झाली ती लिहा. 'चिडला होता', 'मुद्दाम केलं' असलं काही लिहायचं नाही. ते दिसत नाही, आपण लावतो. नंतरचं अक्षर सगळ्यात कामाचं असतं आणि नेमकं तेच लिहायचं राहतं, कारण त्यात आपण असतो.

शाळेचे पाच दिवस, नवं काहीही न करता. एखाद्या दिवशी शेजारच्या वर्गातल्या बाईंना पंधरा मिनिटं मागे बसवून स्वतंत्र मोजायला सांगा. दोघींच्या आकड्यांतला लहान भागिले मोठा, गुणिले शंभर. तुमचे १०, त्यांचे ८, म्हणजे ८० टक्के, एवढं चालतं. त्याखाली आलं तर व्याख्या ढिली आहे, उपाय सुरू करण्याआधी ती घट्ट करा.

सातवा_तास

तोपर्यंत त्या तक्त्याचं पोस्टमॉर्टेम करतो.

सकाळी दहाला हात वर केला आणि स्टार संध्याकाळी पाचला. नऊ वर्षांच्या मुलासाठी या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध उरत नाही. शिवाय 'दिवसभर शांत' ही अट साडेदहालाच मोडली तर उरलेला दिवस तो मोकळा! गमावण्यासारखं आता काहीच नाही. तुमचे वाईट दिवस दुपारनंतर जास्त वाईट होत असतील तर कारण हे.

पेनाचंही तसंच. एक मिळालं, दुसऱ्याचं काय करू? बक्षीस एकच ठेवलं की ते शिळं होतं. पाच-सहांची यादी हवी, त्याच्याकडूनच काढून घ्या आणि विकत आणायचं शक्यतो काही नको. शाळेत फुकट मिळणाऱ्या गोष्टी भारी असतात: मधल्या सुट्टीची घंटा वाजवणं, हजेरीचा आकडा कार्यालयात नेऊन देणं, परिपाठात बातम्या वाचणं, फळ्यावर तारीख लिहिणं, पाच मिनिटं कोपऱ्यातली गोष्टींची पुस्तकं. मोकळा सोडल्यावर तो आपणहून काय करतो ते बघा, तेच त्याचं बक्षीस. १९५९ मध्ये मानसशास्त्रज्ञ डेव्हिड प्रेमॅक यांनी मांडलेलं तत्त्व हेच: जे वर्तन आपोआप जास्त होतं, ते कमी होणाऱ्या वर्तनाला आधार देतं.

मधली सुट्टी, खेळाचा तास आणि पोषण आहार मात्र या हिशेबात कधीही आणू नका. जे सगळ्यांना मिळतं ते त्याचंही आहे.

आणि टोकन म्हणून, म्हणजे बक्षिसासाठी साठवायची खूण म्हणून, चिंचोके देऊ नका. दुसऱ्या दिवशी घरून मूठभर येतात. कार्डावर तुमची सही हेच चलन बरं.

खडूची_धूळ

पाच दिवस मोजलं. रबरांची युक्ती झकास, कोणाला पत्ता लागला नाही.

गणिताचा तास (३५ मिनिटं, मधल्या सुट्टीनंतरचा, सध्या भागाकार चालू): ११, ९, १२, ८, १०.
मराठी: ४, ३, ५, ४, ४.
परिसर अभ्यास: २, ३, १, २, २. शिवाजी महाराजांचा धडा होता त्या दिवशी एक.
चित्रकला आणि खेळ: शून्य.

गणितात एकूण ५० वेळा. त्यात आधीचं अक्षर: व ३१, ल १२, इ ७. नंतरचं: र २२, ब १४, ह ९, क ५. बाहेर काढलं त्या चौदाही वेळा आधी 'व' होतं, हे बेरीज करताना लक्षात आलं आणि जरा चरकले.

मराठीत २० पैकी १३ वेळा 'ल'.

शेजारच्या बाईंशी आकडा ८८ टक्के जुळला.

निरीक्षणवही

चरकण्यासारखंच आहे, पण तुम्ही शोधून काढलंत हे महत्त्वाचं.

गणितातल्या ५० पैकी ३१, म्हणजे ६२ टक्के ओरडणं 'वहीत सोडवा' नंतर. आणि त्यातल्या १४ वेळा त्याची सुटका झाली. तुमच्या बाजूने ती शिक्षा होती, त्याच्या बाजूने भागाकार टळला. नको असलेली गोष्ट दूर झाल्याने वर्तन वाढणं, यालाच ऋण प्रबलन म्हणतात. डी.एड.च्या पेपरात बरेच जण 'ऋण प्रबलन म्हणजे शिक्षा' असं लिहितात, आणि मग वर्गात बाहेर काढायच्या वेळा का वाढतात हे कोडं पडतं. तुमच्याकडूनही तेच घडतंय: तो बाहेर गेला की वर्ग शांत होतो, तुमची कटकट टळते, म्हणून बाहेर काढणं वाढतं. दोघंही एकमेकांना शिकवताय.

मराठीत मात्र गोष्ट वेगळी. तिथे तुमचं लक्ष दुसरीकडे गेलं की तो ओरडतो आणि तुम्ही वळता. एकाच मुलाचं, एकच दिसणारं ओरडणं, पण दोन तासांत दोन कामांसाठी. म्हणून दोन्हीकडे एकच उपाय चालणार नाही. समजा कोणी सांगितलं की 'दुर्लक्ष करा'. मराठीत ते बरोबर. गणितात दुर्लक्ष केलंत तर त्याचा भागाकार तसाच टळत राहणार, म्हणजे हवं ते मिळतच राहणार.

पण अजून हा अंदाज आहे. तपासायला चार दिवस लागतील. गणितात एक दिवस सोपी उदाहरणं (तीन अंकी बेरीज, हातच्याची), एक दिवस नेहमीची, पुन्हा सोपी, पुन्हा नेहमीची. तास तोच, उदाहरणांची संख्या तीच, तुमचं वागणं तेच. तासाची वेळ बदललीत तर फरक उदाहरणांमुळे पडला की जेवणानंतरच्या सुस्तीमुळे, ते कळणार नाही.

मराठीचं आत्तापासून सुरू करता येईल. ३५ मिनिटांत चार वेळा म्हणजे साधारण पावणेनऊ मिनिटांनी एकदा. त्याआधी पोचायचं. दर सहा मिनिटांनी त्याच्या बाकाजवळून जा, वहीवर बोट ठेवून दोन शब्द बोला, 'ही ओळ छान आलीय' एवढंच. तो त्या क्षणी शांत असला पाहिजे. नुकताच ओरडला असेल तर अर्धा मिनिट थांबून मग जा. ओरडला तर मान वळवायची नाही, 'शूऽऽ' नाही, डोळे वटारणंही नाही. हात वर केला तर मात्र दोन-तीन सेकंदांत नाव घ्या.

पहिले काही दिवस ओरडणं वाढू शकतं, आवाजही चढू शकतो. विलोपनात हे बऱ्याचदा होतं. जुनं बटण चालेनासं झालं की माणूस ते आणखी जोरात दाबतो. धोका पुढे आहे. सहाव्या आरोळीला वैतागून वळलात तर त्याला कळतं की सहापर्यंत जायचं असतं, आणि आता ते मोडायला पूर्वीपेक्षा जास्त दिवस लागतात. हे दहा-बारा दिवस तुमच्याकडून निभणार नाहीत असं वाटत असेल तर दुर्लक्ष सुरूच करू नका, नुसतं सहा मिनिटांचं जाणं चालू ठेवा. वस्तू फेकणं, दुसऱ्याला लागेल असं काही करणं, याकडे दुर्लक्ष करायचं नसतं, हे वेगळं सांगायला नको.

पाटीपेन्सिल

वाचतोय. पण हे सगळं लालूच दाखवणं नाही का? उद्या प्रत्येक मूल विचारेल, 'बाई, मी गप्प बसलो, मला काय?' पूर्वी गुरुजींचा नुसता दरारा पुरत असे.

सातवा_तास

दराऱ्याचा हिशेब कोणी ठेवला नव्हता एवढंच. आणि आता २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक त्रासालाही मनाई आहे. रोज दहा मिनिटं दाराबाहेर उभं करणं त्या मनाईत अलगद जाऊन बसतं.

लालूच तेव्हा होते, जेव्हा तो ओरडत असताना आपण म्हणतो 'गप्प बस, चॉकलेट देतो'. तिथे ओरडण्याचा मोबदला मिळाला. इथे अट आधी ठरते, बक्षीस नंतर, आणि हात वर केल्याचं.

तुमच्या शंकेत एक मुद्दा खरा आहे मात्र. १९७३ च्या एका प्रयोगात बालवाडीची मुलं आवडीने चित्रं काढत होती. ज्यांना 'चित्र काढलंत तर बक्षीस' असं आधी सांगितलं, ती नंतर मोकळ्या वेळात कमी चित्रं काढू लागली. तेव्हा चित्रकलेच्या तासाला, जिथे शून्य आहे, तिथे सह्याबिह्या अजिबात नकोत. जे आपोआप चाललंय त्याला बक्षीस चिकटवू नये.

खडूची_धूळ

चाचणी झाली. सोपी उदाहरणं ३, नेहमीची ११, सोपी २, नेहमीची ९.

शंका आली म्हणून मधल्या सुट्टीत पाढे विचारले. पाचपर्यंत सरळ. सहाच्या पाढ्याला चार जागी अडखळला, सात-आठ येतच नाहीत. तोंडी एवढा चुणचुणीत म्हणून माझ्या हे लक्षातच आलं नव्हतं. दाराबाहेर काढणं बंद केलंय. आता गणिताच्या तासाला नेमकं काय करू?

समावेशक_कट्टा

विशेष शिक्षिका म्हणून लिहिते.

सर्वांत आधी तपासणी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं, त्यांच्या नोंदीत त्याची नजर आणि कान बघा. पहिल्या बाकावर बसवल्याने काही फरक पडला नाही, म्हणजे फळा दिसत नाही ही शक्यता कमी, पण नाहीशी झालेली नाही. वाचन-लेखनातही असंच अडत असेल तर तालुक्याच्या गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना कळवा. विशिष्ट अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात धरलेली आहे. मात्र आपण वर्गात शिक्का मारायचा नाही.

आता तास. दोन गोष्टी बरोबरीने करायच्या: काम त्याच्या आवाक्यात आणायचं, आणि सुटका मागायची सभ्य रीत शिकवायची.

कामाचं असं. दहा उदाहरणांपैकी आठ त्याला येणारी असावीत. दोन, तीन, चार, पाचने भागायची घ्या. तीन सोपी, एक अवघड, पुन्हा तीन सोपी, एक अवघड, या क्रमाने फळ्यावर लिहा. सगळ्या वर्गाला हाच फळा दिला तरी कोणाचं बिघडत नाही. सहा-सात-आठच्या भागाकाराला पाढ्यांची पट्टी वहीत ठेवू द्या. 'पाढे पाठ होईपर्यंत पट्टी नाही' हा हट्ट धरलात तर ओरडणं परत येईल. पाढे वेगळे, रोज पाच मिनिटं, परिपाठानंतर.

सुटकेचं असं. पोस्टकार्डाच्या अर्ध्या आकाराचं जाड कार्ड, त्यावर 'दोन मिनिटं' एवढंच. गणिताच्या तासाला अशी चार कार्डं त्याच्या बाकाच्या कोपऱ्यात. कार्ड पालथं ठेवलं की तो उठून वर्गातल्याच पुस्तकांच्या कोपऱ्यात जाणार, भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा दोन फेरे घेईपर्यंत बसणार, परत येणार. हे शांत वेळी शिकवायचं, तास सुरू व्हायच्या आधी, आणि पाच-सहा वेळा करून बघायचं. नुसतं सांगितलं तर जमत नाही.

पहिल्या आठवड्यात कार्ड ठेवलं की लगेच सुटका, काही न विचारता. 'हे एक सोडव, मग जा' म्हणालात की कार्ड फुकट गेलं. ओरडण्याला सेकंदात सुटका मिळत होती. कार्ड त्याहून हळू चाललं तर तो ओरडणंच निवडणार, आणि त्याच्या जागी आपणही तेच करू.

कार्ड न ठेवता ओरडला तर? रागावणं नाही, बाहेर नाही, दुर्लक्षही नाही. शांतपणे जवळ जाऊन पुढची पायरी बोटाने दाखवायची: 'इथे चार त्रिक लिही.' काम तिथेच राहतं. त्याला कळलं पाहिजे की ओरडून भागाकार जात नाही, कार्डाने दोन मिनिटं जातो आणि परत आल्यावर तोच असतो.

बिघडतं कुठे? बहुतेक वेळा चारही कार्डं पहिल्या दहा मिनिटांत संपतात. ते चालेल, पहिले तीन दिवस बोलू नका. कार्डं संपल्यावर ओरडत असेल तर दोन वाढवा. मग लागोपाठ पाच दिवस तासाचं ओरडणं तीन किंवा त्याखाली आलं की अट घालायची: एक उदाहरण, मग कार्ड. पुढच्या पाच चांगल्या दिवसांनंतर दोन उदाहरणं, मग चार. कार्डांची संख्या सगळ्यात शेवटी कमी करायची. उलट केलं, म्हणजे आधी कार्डं काढून घेतली, की गाडी मूळ पदावर.

या सगळ्याबरोबर सही. सुरुवातीला वहीतल्या प्रत्येक दोन उदाहरणांना एक, उत्तर चुकलं तरी चालेल, सोडवायला घेतलं म्हणून. तीन सह्यांना यादीतलं एक काहीतरी, त्याच तासाच्या शेवटी. पहिल्याच दिवशी त्याला मिळालंच पाहिजे, तुमचे दर तसे ठेवा. आठवड्याभराने तीनाच्या चार करा. दिलेली सही कधीही परत घ्यायची नाही.

डोंगरमाथ्याची_शाळा

मागच्या बाकावरच्या हसणाऱ्यांचं कोणी बोललं नाही. 'ह' नऊ वेळा आहे. तुम्ही कितीही मान वळवली नाहीत तरी ती पाच पोरं त्याला बक्षीस वाटत बसलीत.

यावर जुना आणि साधा उपाय म्हणजे दोन संघांचा खेळ. १९६९ मध्ये अमेरिकेत एका चौथीच्याच वर्गावर हा प्रयोग झाला, चोवीस मुलं होती. जागेवरून उठणं आणि मध्ये बोलणं या दोनच गोष्टींवर फळ्यावर रेघ मारायची, रेघ संघाच्या नावावर. तो आधी गणिताच्या तासाला लावला, मग वाचनाच्या, आणि दोन्हीकडे लावला तेव्हा-तेव्हा गोंधळ उतरला. बक्षीसही शाळेतलंच: जेवणाच्या रांगेत आधी उभं राहणं, थोडा मोकळा वेळ.

तुमच्या वर्गात १७-१७ चे दोन संघ. रोजचा खेळ पंधरा मिनिटंच, आणि सुरुवात मराठीत. गणितात आत्ता नको, तिथे कार्डाची घडी बसायची आहे. नियम दोनच: बोलायचं असेल तर हात, आणि कोणी ओरडलं तर हसायचं नाही. पहिल्यांदा आपसांत स्पर्धा ठेवू नका. 'पाच किंवा कमी रेघा, तो संघ जिंकला', म्हणजे दोघंही जिंकू शकतात. रेघ मारताना नाव घ्यायचं नाही, चेहराही नाही. 'निळा संघ, एक' आणि पुढचं वाक्य धड्यातलं.

आणि हा खेळ उलटतोही. एकाच मुलामुळे संघ हरतोय असं दोन दिवस दिसलं की मधल्या सुट्टीत बाकीचे त्याला धरतात. किंवा त्यालाच मजा येते, 'बघा, माझ्यामुळे सतरा जण हरले'. तसं दिसलं की त्या दिवसापासून तो एकट्याचा तिसरा संघ, पाच रेघांची तीच मुभा. त्याहून छान म्हणजे त्याच्या गणितातल्या सह्यांतून सगळ्या वर्गाला काहीतरी मिळू द्या: आठवड्यात बारा सह्या झाल्या की शनिवारच्या सकाळच्या शाळेत शेवटची दहा मिनिटं अंताक्षरी. मग हसणारेच त्याला 'सोडव रे' म्हणतात. फक्त त्या बारा तो नक्की मिळवेल असाच आकडा धरा, नाहीतर पुन्हा पहिली अडचण.

आणखी एक. 'खाली बस' म्हणणं मोजा एकदा. १९६८ च्या एका अभ्यासात शिक्षकांनी 'खाली बसा' म्हणायचं प्रमाण वाढवलं तसं मुलांचं उभं राहणं वाढलं. बसलेल्यांना शाबासकी द्यायला लागले तेव्हा कमी झालं.

खडूची_धूळ

सोमवारपासून कार्डं सुरू करते. तीन शंका. घटक चाचणीच्या दिवशी कार्ड द्यायचं का? मी रजेवर असले आणि दुसरे सर आले तर? आणि घरी सांगू का? वडील कडक आहेत.

समावेशक_कट्टा

चाचणीलाही द्या. चार नको, दोन. आणि वापरलेल्या मिनिटांइतका वेळ शेवटी वाढवून द्या. त्या दिवशी कार्ड बंद ठेवलंत तर अवघड वेळी ते चालत नाही हे तो पक्कं शिकेल.

बदली येणाऱ्यांसाठी हजेरीपटात एक चिठ्ठी, तीनच ओळी: कार्ड पालथं ठेवलं तर दोन मिनिटं कोपऱ्यात जाऊ द्यावं, ओरडला तर न रागावता पुढची पायरी दाखवावी, वर्गाबाहेर काढू नये. लांबलचक योजना कोणी वाचत नाही. त्या दिवशीचा आकडा सरासरीत धरू नका.

घरी तक्रारीची चिठ्ठी अजिबात नको. तिचा परिणाम घरी काय होईल ते तुम्हाला माहीत आहे, आणि मग कार्ड, सह्या सगळ्यालाच तो घाबरेल. आठवड्यातून दोनदा, फक्त चांगल्या दिवशी, एक ओळ पाठवा: 'आज भागाकाराची आठ उदाहरणं सोडवली.' त्याच्याच हातून. आणि वाईट दिवस आले म्हणून ती चिठ्ठी बंद करू नका, त्या आठवड्यातलं छोटंसं काही शोधा, चार उदाहरणं असली तरी चार लिहा. वडिलांना भेटून बोलायचं असेल तर पालकसभेत सगळ्यांसमोर नको.

निरीक्षणवही

दिवाळीच्या सुट्टीनंतर ओरडणं पुन्हा वर आलेलं दिसेल, तेव्हा घाबरू नका. पहिले तीन दिवस जुने दर लावा: दोन उदाहरणांना सही, चार कार्डं, अट काही नाही. चौथ्या दिवशी सुट्टीआधी होतात तिथे परत या. आणि रबरं मनगटात तेवढी चालू ठेवा, निदान मंगळवारी आणि गुरुवारी.